कुमानो कोदो (नाकाहेची मार्ग): डोंगरातील सहा दिवसांच्या पदयात्रेचे नियोजन

नीलमोहर

येत्या नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जपानच्या की द्वीपकल्पातील कुमानो कोदो या जुन्या यात्रावाटांपैकी नाकाहेची मार्गाने पायी जाण्याचे माझे आणि माझ्या वडिलांचे ठरले आहे. महिनाभराची रजा मला मिळणार नाही. प्रत्यक्ष चालण्यासाठी पाच, फार तर सहा दिवस हाती आहेत. बाबा सहासष्ट वर्षांचे आहेत. आळंदी ते पंढरपूर वारी त्यांनी केलेली असल्यामुळे अंतराची त्यांना धास्ती नाही. मात्र दिवे घाट सोडला तर वारीची वाट बहुतांशी सपाट असते आणि इथे रोज डोंगर चढून उतरायचा आहे, हा फरक आम्हा दोघांनाही जाणवतो. त्यांच्या उजव्या गुडघ्याची उतरताना थोडी कुरकुर असते.

ताकिजिरी-ओजी (ओजी म्हणजे यात्रेच्या वाटेवरचे लहान देवस्थान) या आरंभस्थानापासून कुमानो होंगू ताइशा या देवस्थानापर्यंत सुमारे ३८ किलोमीटर आणि तेथून डोंगर ओलांडून कुमानो नाची ताइशापर्यंत सुमारे ३० किलोमीटर अंतर आहे, एवढे वाचून समजले आहे. आता प्रश्न असे आहेत की होंगूला पोहोचून यात्रा पूर्ण झाली असे मानावे की नाचीपर्यंत जावे, टप्पे कसे पाडावेत, सामान पाठीवर घ्यावे की पुढे पाठवावे आणि दोघेही शाकाहारी असल्यामुळे जेवणाचे काय करावे. ज्यांनी ही वाट चालली आहे किंवा तिचा नीट अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

घाटमाथा

नीलमोहर, आपला बेत ऐकून फार आनंद झाला. नाकाहेची हा छोट्या पल्ल्याचा मार्ग असला तरी त्याचे नियोजन मोठ्या यात्रेइतकेच काळजीपूर्वक करावे लागते, कारण या वाटेवर पायांच्या आधी मुक्काम कमी पडतात. बहुतेक जण ताकिजिरीपासून पुढे एकेक दिवस मांडत जातात, पसंतीच्या ठिकाणी खोल्या घेतात आणि शेवटी कोगुचीपाशी येऊन अडतात. माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की नियोजन उलट्या बाजूने करावे. आधी कोगुचीचा मुक्काम मिळवावा आणि ती तारीख धरून बाकीचे दिवस मागे मागे बसवत न्यावेत.

याचे कारण भूगोलात आहे. होंगूहून नाचीला जाताना दोन डोंगररांगा ओलांडाव्या लागतात. पहिली कोगुमोतोरी-गोए, उकेगावा ते कोगुची, सुमारे १३ किलोमीटर. दुसरी ओगुमोतोरी-गोए, कोगुची ते नाची, सुमारे साडेचौदा किलोमीटर. या दोहोंच्या मधल्या खोऱ्यात कोगुची हे लहानसे गाव आहे. तिथे एका जुन्या शाळेच्या इमारतीत चालवले जाणारे ‘कोगुची शिझेन-नो-इए’ हे निवासस्थान आणि मोजकी घरगुती मुक्कामस्थाने, एवढीच सोय आहे. नोव्हेंबर हा तर पानगळीच्या रंगांचा आणि चालणाऱ्यांच्या गर्दीचा महिना. तिथे जागा मिळाली नाही तर बसने दुसरीकडे मुक्कामाला जाऊन सकाळी परत यावे लागते, आणि त्या दिवशीची चढण पाहता सकाळचा एक तास गमावणेही परवडत नाही. तानाबे शहराच्या पर्यटन मंडळाने या वाटेवरील लहान मुक्कामांसाठी ‘कुमानो ट्रॅव्हल’ ही इंग्रजीतून आरक्षण करता येणारी व्यवस्था उभी केली आहे. ज्या आजी-आजोबांच्या घरगुती मुक्कामांना परदेशी पाहुण्यांशी एरवी पत्रव्यवहारही करता आला नसता, तीही तिच्यामुळे आवाक्यात आली आहेत.

आता टप्प्यांविषयी. सहा दिवस मिळत असतील तर ते सहाही वापरावेत. पहिल्या दिवशी सकाळी ओसाकाहून ‘कुरोशिओ’ गाडीने की-तानाबे स्थानकावर यावे. सव्वादोन-अडीच तास लागतात. तेथून बसने सुमारे चाळीस मिनिटांत ताकिजिरी येते. त्या दिवशी ताकाहारापर्यंतचे चारच किलोमीटर चालावेत. आकडा लहान दिसतो, पण ताकिजिरीच्या देवळामागून वाट लगेच उभी चढते, झाडांच्या मुळांतून आणि खडकांतून पाऊल टाकत जावे लागते आणि एवढ्या अंतराला दोन तास सहज जातात. ताकाहारा हे डोंगराच्या खांद्यावरचे गाव आहे आणि तेथील कुमानो देऊळ या मार्गावरील सर्वांत जुन्या देवळांपैकी मानले जाते.

दुसऱ्या दिवशी चिकात्सुयु गावावरून त्सुगिझाकुरा-ओजीच्या परिसरापर्यंत, म्हणजे सुमारे १३ किलोमीटर. चिकात्सुयुच्या अलीकडे ग्यूबा-दोजी नावाची बैल आणि घोडा यांच्यावर बसलेल्या बालकाची लहानशी दगडी मूर्ती आहे. तिथे दोन मिनिटे अवश्य थांबावे.

तिसरा दिवस कळीचा आहे. त्सुगिझाकुराहून होंगू सुमारे २१ किलोमीटर आहे, मध्ये एकामागून एक खिंडी आहेत आणि नोव्हेंबरच्या आरंभी तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. देवदार आणि हिनोकीच्या दाट रानात त्याआधीच अंधारते. आपल्या वडिलांना घेऊन हे अंतर एका दिवसात रेटू नये. होश्शिनमोन-ओजीपर्यंतचे सुमारे १४ किलोमीटर चालावे, तेथून बसने होंगूमार्गे युनोमिनेच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी मुक्कामाला जावे आणि चौथ्या दिवशी सकाळी बसने पुन्हा होश्शिनमोनला येऊन उरलेले सात किलोमीटर चालत होंगू गाठावे. यात वाटेचे एकही पाऊल सुटत नाही आणि होंगूला आपण थकलेल्या शरीराने संध्याकाळी पोहोचण्याऐवजी सकाळच्या प्रकाशात पोहोचता. बसच्या फेऱ्या मोजक्या असतात, त्यामुळे होश्शिनमोनहून निघणाऱ्या शेवटच्या बसची वेळ त्या हंगामाच्या वेळापत्रकात पाहून मगच सकाळी निघण्याची वेळ ठरवावी.

चौथी रात्रही युनोमिनेलाच काढावी. पाचव्या दिवशी उकेगावा ते कोगुची, सहाव्या दिवशी कोगुची ते नाची. सहाव्या दिवसाविषयी स्वतंत्र लिहावे लागेल. ते नंतर लिहितो.

कातळवाट

घाटमाथा यांचे टप्पे सुरक्षित आहेत, पण थोडा वेगळा विचारही मांडावासा वाटतो. नियमित डोंगर चढणारी माणसे ताकिजिरी ते चिकात्सुयु पहिल्या दिवशी आणि चिकात्सुयु ते होंगू हे सुमारे २५ किलोमीटर दुसऱ्या दिवशी, असे दोन दिवसांत होंगूला पोहोचतात. वारी केलेल्या माणसाची चालण्याची तयारी आपण कमी लेखत नाही ना? दोन दिवस वाचले तर ते शिंगूच्या हायातामा ताइशासाठी देता येतील. होंगू, हायातामा आणि नाची ही तिन्ही मिळून कुमानो सानझान होते. त्यातले एक वगळून यात्रा केल्याचे समाधान मला तरी मिळणार नाही.

घाटमाथा

कातळवाट, हायातामाचा आपला आग्रह मला पूर्ण मान्य आहे, पण त्यासाठी चालण्याचे दिवस कापण्याची गरज नाही. पूर्वी यात्रेकरू होंगूहून नावेने कुमानो नदीतून शिंगूला उतरत असत, आणि तो जलमार्गही जागतिक वारशाच्या यादीत यात्रामार्ग म्हणून समाविष्ट आहे. म्हणजे होंगू ते हायातामा हा टप्पा परंपरेनेच पायांचा नव्हता. आज नाचीच्या खालच्या की-कात्सुउराहून शिंगू रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत येते. नाचीला उतरल्यावर कात्सुउरात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी हायातामाचे दर्शन घेता येईल.

वारीच्या तयारीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. परंतु सपाट रस्त्यावर वीस किलोमीटर चालणाऱ्या शरीराला जी सवय असते, ती उतरणीच्या दगडी पायऱ्यांवर उपयोगी पडत नाही. चढताना दम लागतो आणि थांबले की तो परत येतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात आणि त्यांची झीज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखण्याच्या रूपाने समोर येते. नाकाहेचीची शेवटची आणि सर्वांत लांब उतरण नेमकी सहाव्या दिवशी आहे. म्हणून पहिल्या चार दिवसांत गुडघे राखून ठेवणे हाच या नियोजनाचा गाभा आहे.

निरंजनी

होंगूला थांबावे की नाचीपर्यंत जावे, या नीलमोहर यांच्या पहिल्या प्रश्नाकडे परत येते, कारण टप्प्यांचे गणित त्याच्या उत्तरावरच उभे आहे. माझे मत स्पष्टपणे नाचीच्या बाजूने आहे.

होंगूच्या अलीकडे फुशिओगामी-ओजी नावाचे ठिकाण लागते. यात्रेकरूंना होंगूचे पहिले दर्शन तिथून होत असे आणि ते तिथेच गुडघे टेकून नमस्कार करीत. इझुमी शिकिबु या हेइआन काळातील थोर कवयित्रीची आख्यायिका याच जागेशी जोडलेली आहे. इथवर आल्यावर तिला मासिक पाळी आली, आता देवळात जाता येणार नाही म्हणून तिने दुरूनच हात जोडले आणि आपली खंत एका कवितेत मांडली. त्या रात्री कुमानोच्या देवाने स्वप्नात येऊन तिला निःशंकपणे दर्शनाला येण्यास सांगितले, अशी ती कथा आहे. स्त्री-पुरुष, उच्च-नीच, शुद्ध-अशुद्ध असा भेद न करता सर्वांना सामावून घेणारे क्षेत्र म्हणून कुमानोची कीर्ती होती. बाराव्या शतकात निवृत्त सम्राट गो-शिराकावा तीसहून अधिक वेळा इथे आला आणि पुढे सामान्य लोकांची इतकी रीघ लागली की कुमानोला निघालेल्या मुंग्यांच्या रांगेची उपमा जपानी भाषेत रूढ झाली. पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला हे सगळे ओळखीचे वाटेल.

होंगूचे मूळ देऊळ नद्यांच्या संगमावरील ओयुनोहारा या वाळवंटात होते. १८८९ च्या महापुरात त्याचा मोठा भाग वाहून गेला आणि वाचलेल्या वास्तू १८९१ मध्ये जवळच्या टेकडीवर हलवण्यात आल्या. जुन्या जागी आज जवळजवळ ३४ मीटर उंचीचे तोरीई, म्हणजे देवस्थानाचे प्रवेशद्वार, उभे आहे. होंगूला गेलेल्या प्रत्येकाने ओयुनोहारालाही गेलेच पाहिजे असे मला वाटते. तिथे गेले नाही तर देवळाची आजची जागा तेवढी कळते, देऊळ कळत नाही.

तरीही नाचीपर्यंत जावे असे मी म्हणते, त्याचे एक कारण आपल्याशी थेट जोडलेले आहे. कोगुचीहून ओगुमोतोरीची चढण सुरू झाल्यावर थोड्याच वेळात वारोदा-इशी नावाचा शेवाळलेला मोठा खडक लागतो आणि त्यावर सिद्धम या जुन्या भारतीय लिपीतील तीन संस्कृत बीजाक्षरे कोरलेली आहेत. कुमानोच्या तीन देवता म्हणजे अमिताभ, भैषज्यगुरू आणि सहस्रभुज अवलोकितेश्वर या बौद्ध दैवतांची रूपे होत, अशी मध्ययुगीन जपानची श्रद्धा होती, आणि ही अक्षरे त्यांचीच आहेत. नाची ताइशाच्या शेजारी असलेले सेइगान्तो-जी हे बौद्ध मंदिर भारतातून समुद्रमार्गे आलेल्या एका साधूने स्थापन केले, अशी परंपरागत कथा आहे. खाली किनाऱ्याजवळ, नाची रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, फुदाराकुसान-जी आहे. नवव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत काही भिक्षू तिथून लहान नावेतील बंद कोठडीत बसून दक्षिण समुद्रात निघून गेले आणि परतले नाहीत. अवलोकितेश्वराचे निवासस्थान असलेला पोतलक पर्वत गाठण्याची त्यांची इच्छा होती. हा पर्वत दक्षिण भारतात असल्याचे युआन श्वांगने लिहून ठेवले आहे. आपण भारतातून निघून जिथे पोहोचणार, तिथून ते आपल्या दिशेने निघाले होते. होंगूला थांबलात तर हे सारे राहून जाईल.

नीलमोहर

निरंजनीताई, आपला प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला आणि नाचीचा प्रश्न तिथेच मिटला. कोगुचीच्या जागेसाठी आजच विनंती पाठवते आहे.

सामानाबाबत मात्र आमच्यात एकमत नाही. एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी बॅगा पोहोचवणारी सेवा आहे आणि ती आधी सांगून ठेवता येते, असे दिसते. बाबांना ते पटत नाही. यात्रा करायची तर आपले ओझे आपणच वाहावे, असे ते म्हणतात.

टाळकरी

आपल्या वडिलांना एवढेच विचारावे की वारीत त्यांच्या दिंडीचे सामान कशातून जात होते. तंबू, शिधा, भांडी, वारकऱ्यांच्या वळकट्या हे सगळे दिंडीच्या ट्रकमधून पुढे जाते आणि त्यामुळे कोणाची वारी उणी ठरल्याचे मी ऐकलेले नाही. वारकऱ्याच्या हातात टाळ असतात, खांद्यावर पताका असते, एखाद्या माउलीच्या डोक्यावर तुळस असते. पाठीवर बारा किलोची पिशवी असावी असे कोणत्याही संताने सांगितलेले नाही. गुडघा दुखत असताना जास्तीचे आठ-दहा किलो वाहणे म्हणजे देवाकडे नेण्याचे लक्ष पिशवीकडे नेणे होय.

दिवसाच्या पिशवीत पाणी, पावसाळी अंगरखा, एक उबदार थर, खाणे, औषधे, डोक्याला बांधायची विजेरी आणि रोख रक्कम एवढे असावे. विजेरी लागणार नाही असे वाटले तरी घ्यावी. रोख रकमेचे विशेष सांगतो, कारण डोंगरातील अनेक घरगुती मुक्कामांत कार्ड चालत नाही आणि कोगुचीच्या खोऱ्यात पैसे काढण्याची सोय शोधत बसण्यात अर्थ नाही. की-तानाबेलाच पुरेसे येन काढून ठेवावेत.

आमसूल

शाकाहाराबद्दल लिहिते, कारण इथे सद्भावना असूनही गैरसमज होतात. ‘मांस आणि मासे खात नाही’ असे सांगितले की यजमान ताटातून मासा काढून टाकतात, पण मिसो सूप, शिजवलेल्या भाज्या, नूडल्सचा रस्सा या सगळ्यांचा पाया असलेले ‘दाशी’ बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाच्या किसापासून केलेले असते. त्यांच्या दृष्टीने ते मासे खाणे नव्हेच. म्हणून आरक्षण करतानाच लिहावे की माशाचे दाशीही चालत नाही, कोंबू या समुद्री वनस्पतीचे किंवा शिताके अळंबीचे दाशी चालेल. अंडी आणि दूध चालते का, तेही त्याच वेळी स्पष्ट करावे. आगाऊ कळवलेले यजमान फार प्रेमाने सोय करतात. संध्याकाळी सहा वाजता ताट समोर आल्यावर सांगितले तर त्या घरात दुसरे काही करण्याइतके जिन्नसच नसतात. काही ठिकाणी शुद्ध शाकाहारी जेवण शक्य नसल्याचे आधीच नमूद केलेले असते आणि तो प्रामाणिकपणा समजून घेऊन दुसरी जागा पाहावी.

दुपारचे जेवण डबा म्हणून मुक्कामावरूनच मिळते, पण तेही आदल्या दिवशी नव्हे तर आरक्षणाच्या वेळी मागावे. उमेबोशी घातलेला ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, हा आपल्याला सर्वांत निर्धोक. मीठ लावलेल्या त्या आंबट फळासाठी इथला वाकायामा प्रांत प्रसिद्धच आहे आणि घामाने मीठ गेलेल्या शरीराला दुपारी त्याची चव अमृतासारखी लागते. खारवलेल्या मोहरीच्या पानात गुंडाळलेला भात, मेहारी-झुशी, ही कुमानोची खास गोष्ट आहे. आत काय घातले आहे तेवढे विचारून घ्यावे. सोबत आपले कोरडे खाणे दोन वेळचे तरी असू द्यावे, कारण कोगुमोतोरी आणि ओगुमोतोरी या दोन्ही टप्प्यांवर दुकान नाही.

घाटमाथा

आता सहाव्या दिवसाविषयी. कोगुचीहून निघाल्यावर एचिझेन खिंडीपर्यंत सुमारे पाच किलोमीटरमध्ये आठशे मीटरहून अधिक चढाई आहे आणि खिंडीची उंची ८७० मीटर आहे. तिच्या शेवटच्या भागाला दोगिरी-झाका, म्हणजे धड कापणारी चढण, असे जुने नाव आहे. १२०१ साली निवृत्त सम्राट गो-तोबाच्या लवाजम्यासोबत आलेला कवी फुजिवारा नो तेइका याने या यात्रेची रोजनिशी लिहिली आहे आणि या डोंगरातील पावसाळी दिवसाच्या हालअपेष्टांपुढे त्याचे शब्द अपुरे पडलेले तीत दिसतात. आठशे वर्षांनंतरही ही चढण तेवढीच आहे.

यासाठी कोगुचीहून सकाळी सातपर्यंत पावले पडलीच पाहिजेत. न्याहारी लवकर देता येत नसेल तर ती बांधून मागावी. चढणीवर बोलता बोलता चालता येईल एवढाच वेग ठेवावा. खिंडीनंतर वाट काही काळ खाली-वर होते, जिझो-जाया येथे निवारा आणि स्वच्छतागृह आहे, आणि पुढे फुनामी खिंडीजवळ झाडी बाजूला होऊन प्रशांत महासागर दिसतो. इथे आल्यावर मन निर्धास्त होते आणि खरी काळजी याच ठिकाणी घ्यायची आहे, कारण येथून नाचीपर्यंत सलग उतरण आहे, दगडी पायऱ्या आहेत, आणि ओल्या शेवाळावर त्या साबणासारख्या निसटतात. काठीचे टोक रबराचे असावे. धातूचे टोक दगडावर घसरते आणि शतकानुशतकांच्या फरसबंदीला ओरखडेही पाडते. उतरताना काठ्यांची लांबी थोडी वाढवावी, पावले लहान टाकावीत, आणि गुडघ्याला पट्टा बांधायचा असेल तर तो दुखायला लागण्यापूर्वी बांधावा. पट्टा कोणता आणि बांधावा की नाही, हे मात्र आपल्या अस्थिरोगतज्ज्ञांना निघण्याआधी विचारावे.

तयारीचे म्हणाल तर आतापासून आठवड्यातून तीन वेळा जिने चढण्यापेक्षा उतरण्यावर भर द्यावा, आणि यात्रेला वापरायचे तेच बूट घालून, तीच पिशवी घेऊन.

एक अडचण आधीच सांगतो. पाचव्या दिवशी संध्याकाळी कोगुचीला पोहोचल्यावर बाबांचा गुडघा सुजलेला असेल, तर सहाव्या दिवसाचा हट्ट धरू नये. कोगुचीहून बस आहे. तिने खाली उतरून कात्सुउरामार्गे नाचीला यावे आणि दाइमोन-झाकाच्या पायथ्यापासून वर चालावे. सुमारे सहाशे मीटर लांबीची, २६७ दगडी पायऱ्यांची आणि दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे देवदार असलेली ती वाट याच यात्रामार्गाचा जतन झालेला भाग आहे. ओगुमोतोरीच्या मध्यावर गेल्यानंतर मात्र असा सोपा पर्याय उरत नाही, म्हणून निर्णय आदल्या रात्रीच घ्यावा.

वाटेवर दर पाचशे मीटरला क्रमांक लिहिलेले खांब आहेत. ताकिजिरीला एक आणि होंगूला ७५. ज्या खांबापाशी आपण असाल त्याचा क्रमांक सहज लक्षात ठेवत चालावे, कारण मदत मागवायची वेळ आली तर आपण कुठे आहोत हे सांगण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे. जपानमध्ये रुग्णवाहिकेसाठी ११९ आणि पोलिसांसाठी ११० हे क्रमांक आहेत. दऱ्यांत मोबाइलला संपर्क मिळेलच असे नाही, म्हणून दोघांनी एकमेकांच्या नजरेआड जाऊ नये. २०११ च्या तुफानात दरडी कोसळल्यामुळे इवागामी खिंडीच्या भागात वळणवाट आखलेली आहे. तिथे जुन्या नकाशापेक्षा फलक प्रमाण मानावा. वाट चुकल्याचे सांगणारे फलकही जागोजागी आहेत आणि ते दिसताच मागे फिरावे.

कातळवाट

घाटमाथा यांनी सहाव्या दिवसाचे जे वर्णन केले आहे, ते वाचून दोन दिवसांत होंगू गाठण्याचा माझा सल्ला नीलमोहर यांच्यासाठी मी मागे घेतो. एक भर घालतो. ताकिजिरीला निघतानाच शिक्क्यांची पुस्तिका घ्यावी. ओजींपाशी लाकडी पेट्यांत शिक्के ठेवलेले असतात. ताकिजिरी ते होंगू पूर्ण पायी चालल्याची ही नोंद स्पेनमधील सांतियागोच्या यात्रेशी जोडलेल्या दुहेरी यात्रेकरू नोंदणीसाठीही ग्राह्य धरली जाते. तिकडे पायी शेवटचे शंभर किलोमीटर पूर्ण करावे लागतात. पुढे कधी जाण्याचा योग आला तर ही पुस्तिका कामी येईल.

नीलमोहर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. कोगुचीचा होकार आला आहे आणि त्या तारखेवरून मागे मोजत बाकीचे मुक्कामही जवळजवळ जुळले आहेत. टाळकरीकाकांचा ट्रकचा मुद्दा बाबांनी शांतपणे ऐकला आणि सामान पुढे पाठवायला होकार दिला. फक्त पांडुरंगाचा लहान फोटो आणि हरिपाठ आपल्या पिशवीत राहील, असे त्यांनी सांगितले. शेवटचा प्रश्न पावसाचा आहे. की द्वीपकल्पात पाऊस फार पडतो असे वाचले. एखादा दिवस मुसळधार निघाला तर काय करावे?

घाटमाथा

हा जपानमधील सर्वांत जास्त पावसाच्या प्रदेशांपैकी एक आहे, पण जूनमध्ये सुरू होणारा पावसाळी हंगाम आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमधील तुफानांचा मुख्य काळ संपल्यानंतर आपण जात आहात, त्यामुळे संपूर्ण दिवस वाया जाण्याची शक्यता कमी आहे. साधा पाऊस असेल तर चालावे; वाट रानातून जाते आणि पावसात ती सुंदर असते, फक्त दर तासाला किलोमीटर-अर्धा किलोमीटर कमी पडेल असे धरून लवकर निघावे. मुसळधार पावसाचा किंवा वादळाचा अधिकृत इशारा असेल तर दोन्ही खिंडींच्या टप्प्यांवर पाऊल टाकू नये. मुक्कामाच्या यजमानांना सकाळी विचारावे आणि ते नको म्हणाले तर तो शब्द अंतिम मानावा.

पाचवा दिवस असा गेला, तर युनोमिनेहून बसने शिंगूला जाऊन हायातामाचे दर्शन त्याच दिवशी करून घ्यावे आणि संध्याकाळी बसने कोगुचीला मुक्कामाला यावे, म्हणजे आरक्षण मोडत नाही आणि सहाव्या दिवसाची ओगुमोतोरी हातात राहते. सहावा दिवसच तसा निघाला तर वर लिहिलेला बसचा आणि दाइमोन-झाकाचा मार्ग आहेच. परतीची गाडी सहाव्या दिवशी संध्याकाळची घेऊ नका. नाचीहून कात्सुउरा बसने अर्धा तास आणि तेथून ओसाका रेल्वेने सुमारे चार तास आहे, आणि गाडी गाठण्याच्या घाईत माणसे शेवटच्या पायऱ्यांवर वेग वाढवतात. कात्सुउराचा मुक्काम ठेवून सातव्या दिवशीचे तिकीट काढावे.

नीलमोहर

कात्सुउराचा मुक्काम घेतला आणि तिकीट सातव्या दिवशी दुपारचे काढले, म्हणजे सकाळी हायातामाही होईल. दाशीबद्दलचा मजकूर आमसूलताईंनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक यजमानांना लिहून पाठवला आहे. दोघांची उत्तरे आली असून कोंबूचे दाशी वापरू असे दोघांनीही कळवले आहे.